तळटीप : ‘लेडी डे’

* लेखकाने वर नुसतेच ‘लेडी डे’ म्हटले आहे ती अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडे (१९१५–१९५९). हे लाडके नाव तिला सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगने दिले. जन्म फिलाडेल्फियाचा, बालपण बाल्टिमोरमधले. विल्यम डफ्टीच्या मदतीने लिहिलेल्या आत्मचरित्रातले (१९५६) तपशील मात्र पडताळूनच घ्यावेत. पहिले ध्वनिमुद्रण १९३३ चे, बेनी गुडमनच्या वादकांसोबत. पण तिची खरी ओळख पटते ती १९३५ पासून पियानोवादक टेडी विल्सनबरोबर निघालेल्या तबकड्यांत. आवाजाचा पल्ला सप्तकाहून थोडाच अधिक. तरी शब्द तालाच्या किंचित मागे रेंगाळत ठेवण्याची रीत अशी, की सुमार चालही तिच्या मालकीची होऊन जाते. ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींवरचे गाणे एबल मीरोपोल या शिक्षकाने लिहिले. कोलंबिया कंपनीने ते मुद्रित करायला नकार दिला, तेव्हा एप्रिल १९३९ मध्ये कमोडोर या छोट्या कंपनीसाठी तिने ते गायले. १९४७ मध्ये अमली पदार्थांच्या खटल्यात तुरुंगवास झाला आणि न्यूयॉर्कच्या मद्य विकणाऱ्या क्लबांत गाण्याचा परवाना गेला. कार्नेगी हॉल मात्र मार्च १९४८ मध्ये तिच्यासाठी भरगच्च होता. ‘लेडी इन सॅटिन’मधला (१९५८) चिरफाळलेला आवाज लेखकाला ऐकवत नाही; प्रस्तुत संपादकाला तो तिच्या सर्वांत धीट गायनांपैकी वाटतो. नव्या श्रोत्याने तरीही विल्सनच्या तबकड्यांपासूनच सुरुवात करावी.