कोसीचा मासा आणि एका आईवरचा आरोप

आमच्या नात्यातल्या एका बाळाची कावीळ महिना झाला तरी उतरेना. शी पांढुरकी. तपासण्यांत निदान झालं अलाजील सिंड्रोमचं: यकृतातल्या पित्तनलिका फारच कमी, त्यामुळे पित्त बाहेर पडायला वाट नाही. घरात पहिला प्रश्न आला तो आईला. "ग्रहण पाळलं नव्हतंस का?"

याचं उत्तर शोधताना मला भेटला एक बोटभर मासा. दुकानात 'झेब्रा' म्हणून मिळतो तोच. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. नमुना बिहारच्या कोसी नदीतला. म्हणजे मासा आपल्याच मातीतला.

त्याला आनुवंशिकीच्या अभ्यासात आणलं अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी. त्यांचा गाजलेला शोधनिबंध १९८१चा. या माशाची अंडी आईच्या शरीराबाहेर, पाण्यात वाढतात आणि पिल्लू पारदर्शक असतं. माणसाच्या बाबतीत गर्भाशयात दडलेलं इथे भिंगाखाली दिसतं. २००१ मध्ये स्टीव्हन फार्बर आणि सहकाऱ्यांनी पिल्लांना चमकणारा स्निग्ध पदार्थ दिला. तो यकृतातून पित्तात उतरला आणि पित्ताशय उजळलं. पित्ताची वाट बिघडलेली असेल, तर तो उजेड मंदावतो.

आता आजाराकडे येऊ. डॅनियल अलाजील हे फ्रान्सचे बालरोगतज्ज्ञ. हा आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. १९९७ मध्ये त्यामागचं जनुक सापडलं: जॅग१. शेजारच्या पेशीला 'तू काय हो' हा निरोप देणारं प्रथिन त्यातून बनतं. पण निरोप चुकला की नलिका खरंच बनत नाहीत का? २००४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मायकेल पॅक यांच्या गटाने माशाच्या भ्रूणात हाच निरोप अडवला. पित्तनलिकांची घडण बिघडली, इतर अवयवांतही अलाजीलसारखे दोष दिसले.

त्या माशांना ना ग्रहण, ना डोहाळे. चुकला होता तो फक्त निरोप. आणि अलाजीलच्या निम्म्याहून अधिक मुलांत जनुकातला हा बदल आईवडिलांकडून आलेलाच नसतो, तो नव्याने घडतो.

माशाने आजार बरा केलेला नाही. पण आरोप मात्र खोडून काढला. तेव्हा बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकली किंवा शी पांढुरकी झाली, तर आईला जाब विचारू नका. बाळाला लगेच डॉक्टरांकडे न्या.