जहाज बंदराला लागलंच नाही तर? किनारासहलीच्या पैशांचा इतिहास

जालन्यापासून समुद्र चारएकशे किलोमीटर लांब. त्यामुळे क्रूझच्या शोअर एक्स्कर्शनचं बुकिंग, पेमेंट आणि कॅन्सलेशन यावर कुणी इतिहास लिहू शकतं असं म्हटलं की समोरचा आधी हसतो. पण विषय निवडताना हसू येणारे विषय लगेच टाकून देऊ नका. शोअर एक्स्कर्शन म्हणजे जहाज बंदरात उभं असताना प्रवाशांनी केलेली किनारासहल. मुंबईला जहाज लागलं की घारापुरी, वेळ असेल तर वेरूळ-अजिंठा. या सहलींबद्दल बहुतेक जण ‘काय पाहिलं’ एवढंच विचारतात. मी एम.एस्सी.वाला माणूस असल्यामुळे मला दुसराच प्रश्न पडतो: ठरलेली सहल झाली नाही, तर पैसे कुणाचे बुडाले? हा एकच प्रश्न धरून दीडशे वर्षं मागे गेलं तर बरंच काही हाती लागतं.

सुरुवात ‘क्वेकर सिटी’ या जहाजापासून करू. जून 1867 मध्ये ते न्यूयॉर्कहून भूमध्य समुद्राच्या सफरीवर निघालं. प्रवाशांत मार्क ट्वेन होता, आणि त्याने 1869 च्या ‘द इनोसन्ट्स अब्रॉड’ या पुस्तकात सफरीचं माहितीपत्रक जवळजवळ जसंच्या तसं छापलं. वाचक ते पान उलटून पुढे विनोदाकडे जातात. संशोधकाने तिथेच थांबावं. भाडं होतं 1,250 डॉलर. दहा टक्के अनामत भरल्याशिवाय जागा पक्की नाही. आजच्या कुठल्याही टूर कंपनीची अट वाटावी, इतकं ओळखीचं. पण खरी गंमत चलनात आहे. जहाजाचं भाडं ‘करन्सी’मध्ये, म्हणजे अमेरिकेच्या कागदी डॉलरमध्ये. किनाऱ्यावरच्या खर्चासाठी मात्र दिवसाला पाच डॉलर धरा, आणि ते सोन्यात! यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं, कागदी डॉलरची किंमत सोन्याच्या डॉलरपेक्षा बरीच खाली होती, आणि परक्या बंदरातला घोडेवाला तो कागद कशाला घेईल? म्हणजे एकाच सफरीत दोन वेगवेगळे व्यवहार होते. जहाज घरच्या पैशात आणि आगाऊ. किनारा सोन्यात, जागच्या जागी, घासाघीस करून.

त्याच पत्रकात अशीही सोय होती की सगळ्या प्रवाशांनी एकमताने ठरवलं तर मार्ग बदलता येईल. आज असं कुणी कॅप्टनला सांगून पाहावं!

आता हे जहाज अथेन्सच्या पिरियस बंदराशी आलं तेव्हा काय झालं ते पाहू. अकरा दिवस क्वारंटाइन, असं सांगण्यात आलं. एवढे दिवस थांबणं शक्य नव्हतं. म्हणजे आजच्या भाषेत ‘पोर्ट कॅन्सल’. ट्वेन आणि तीन सोबती रात्री गुपचूप उतरले, वाटेत लोकांची द्राक्षं तोडत अ‍ॅक्रोपोलिसवर जाऊन आले. बाकीच्यांनी ते डेकवरून पाहिलं. त्यांची हळहळ झाली असेल, पण अथेन्सच्या सहलीचे पैसे कुणी आधी भरलेच नव्हते, त्यामुळे परत मागायचे कुणाकडे, हा प्रश्नच आला नाही. पिरियसच्या गाडीवाल्याचा धंदा बुडाला हे खरं, पण त्यानेही कुणासाठी गाडी अडवून ठेवली नव्हती. रिफंड ही कल्पना आगाऊ पेमेंटच्या पोटी जन्माला येते, हे इथे स्पष्ट दिसतं.

आगाऊ पेमेंट रुजवण्यात थॉमस कुक कंपनीचा वाटा मोठा. 1841 मध्ये लेस्टर ते लफबरो अशी एका शिलिंगात रेल्वे सहल काढणाऱ्या कुकने 1860 च्या दशकाच्या शेवटी हॉटेल-कूपन काढली. प्रवाशाने कूपन आधीच विकत घ्यायचं, हॉटेलात द्यायचं, आणि हॉटेलवाल्याने नंतर ते कुककडे पाठवून पैसे वसूल करायचे. इथे पैशाची दिशा बघा. प्रवाशाचे पैसे सर्वांत आधी सुटले, हॉटेलवाल्याला सर्वांत शेवटी मिळाले, आणि मधल्या काळात ते कंपनीकडे राहिले. आपल्या मोंढ्यात याला कुणी ‘व्हाउचर’ म्हणणार नाही, सरळ उधारी म्हणतील. 1872-73 मध्ये कुकने 222 दिवसांची पहिली जगप्रदक्षिणा काढली, त्यात रेल्वेने भारतही ओलांडला. 1881 मध्ये कंपनीचं ऑफिस मुंबईत आलं.

मुंबईत तोवर घारापुरीला जायचं म्हणजे अपोलो बंदरावर उतरून बंदर-बोट ठरवायची. 1875 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सला तर लेण्यातच मेजवानी दिली गेली होती (पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांनी हे वाचून डोळे मिटून घ्यावेत). वेरूळचं गणित वेगळं. मनमाडकडच्या मोठ्या रेल्वेवर उतरून पुढे टांगा किंवा बैलगाडी, म्हणजे बंदरात थोडे दिवस थांबणाऱ्या जहाजाच्या प्रवाशाला अशक्यच. 1900 मध्ये मनमाड–सिकंदराबाद ही मीटरगेज, म्हणजे हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे पूर्ण झाली आणि औरंगाबाद समुद्राशी जोडलं गेलं. हीच गाडी पुढे आमच्या जालन्याला यायची. पाहुणे मात्र एक मुक्काम आधीच उतरायचे. तरीही या रेल्वेशिवाय निजामाच्या मुलखातली लेणी एखाद्या जहाजाच्या वेळापत्रकात बसलीच नसती, म्हणून किनारासहलीचा इतिहास फक्त बंदरात शोधून भागत नाही.

मग आली मोठी जहाजं. 1909 मध्ये ‘क्लीव्हलंड’ सुमारे साडेसहाशे प्रवासी घेऊन जगाच्या सफरीवर निघालं, त्यात मुंबई होती. 1922-23 मध्ये ‘लॅकोनिया’ने 130 दिवसांत 22 बंदरं केली. त्यानंतरच्या जगसफरींत मुंबईला उतरून रेल्वेने आग्रा-दिल्ली पाहायचं आणि कलकत्त्याला किंवा कोलंबोला पुन्हा जहाज गाठायचं, अशी जोडसहल विकली जाऊ लागली. शेकडो माणसं एकाच सकाळी उतरणार असतील तर बंदरावर घासाघीस चालत नाही. डबे, मोटारी, हॉटेलच्या खोल्या आधी अडवून ठेवाव्या लागतात. आणि अडवून ठेवलं की ‘नाही आले तर?’ हा प्रश्न लगेच उभा राहतो. रद्द करण्याच्या अटी इथून पुढे लांबत जातात.

सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांसाठी इथे एक कामाची गोष्ट. अशा अटी वाचताना दर महत्त्वाचा असतोच, पण अटीत कोणत्या संकटाचं नाव घेतलंय ते जास्त बोलकं असतं. क्वारंटाइन, युद्ध, संप, हवामान: ज्या काळात ज्याची भीती, ते त्या काळच्या बारीक छपाईत येतं. एकाच कंपनीची वेगवेगळ्या वर्षांची पत्रकं घ्या आणि साधा तक्ता करा: अनामत किती, रद्द करायची शेवटची तारीख कोणती, तोटा कुणाचा. मात्र छापील अट म्हणजे प्रत्यक्ष व्यवहार नव्हे. शिवाय पत्रकं टिकली ती कंपन्यांची. बंदर-बोटवाल्याची वही टिकली नाही. आमच्या सायन्सच्या भाषेत सँपल आधीच एका बाजूला झुकलेलं आहे, आणि हे प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणातच लिहून टाकावं.

आज ढोबळ पद्धत अशी आहे. सहल जहाज कंपनीकडून घेतली तर ठरावीक मुदतीपर्यंत, बहुधा बंदराच्या एक-दोन दिवस आधीपर्यंत, ती रद्द करून पैसे परत मिळतात. जहाजानेच बंदर गाळलं तर कंपनी सहलीचे पैसे परत करते. कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. बाहेरून स्वस्तात घेतली तर थांबत नाही, पुढचं बंदर स्वखर्चाने गाठायचं. म्हणजे जादा दरात आपण गाइडच्या जोडीला हा विमाही विकत घेत असतो. त्यात आपल्याकडचे वार. घारापुरी आणि अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. सोमवारी मुंबईला लागलेल्या जहाजाला घारापुरी पाहता येत नाही, मग पैसे भरलेले असोत वा नसोत. पावसाळ्यात समुद्र खवळला की गेटवेहून लाँचही सुटत नाहीत.

तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे 2024 च्या हंगामात अनेक जगसफरी आफ्रिकेला वळसा घालून गेल्या आणि भारतातली बंदरं गळाली. तिकडच्या प्रवाशाच्या खात्यात सहलीचे पैसे परत जमा होतात. इकडे लाँच, बस, गाइड, घारापुरीच्या शेतबंदरपासून लेण्यांपर्यंत पायऱ्यांवर मांडलेली दुकानं. दुकानदाराचं तर बुकिंगच नसतं, मग कॅन्सलेशन कुठलं? 1867 च्या गाडीवाल्यासारखाच तो आजही अटींच्या बाहेर उभा आहे. फरक एवढाच की तेव्हा प्रवासीही बाहेरच होता. कुणाला प्रश्न हवा असेल तर हा घ्या: किनाऱ्यावरच्या माणसापर्यंत रद्द झालेल्या सहलीचा किती तोटा पोचतो? यासाठी मुलाखतीच घ्याव्या लागतील, डिजिटल अर्काइव्हमध्ये हे सापडणार नाही.

आणि जालन्यात बसून करण्यासारखंही काम आहे. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार साधारणपणे कंपनी किंवा तिची शाखा जिथे असेल, किंवा वादाचं कारण जिथे घडलं असेल, तिथे करावी लागायची. 2019 च्या कायद्याच्या कलम 34 ने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जायची मुभा दिली. म्हणजे मुंबईहून क्रूझवर गेलेलं अंबड किंवा भोकरदनचं कुटुंब आता रद्द झालेल्या सहलीच्या पैशांसाठी जालन्यातच तक्रार करू शकतं, मुदत दोन वर्षांची. करारच अन्यायकारक आहे असा मुद्दा असेल तर मात्र राज्य आयोग गाठावा लागतो. आयोगांचे आदेश ऑनलाइन वाचता येतात. टूर कंपन्यांविरुद्धचे आदेश काढा आणि प्रत्येकात रद्द कुणी केलं, अट काय होती, आयोगाने ती मानली का, हे तीन रकाने भरायला घ्या.