पोटातली चौदा इंजेक्शनं: भीती उरली कशी?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लेखी अवतार.

सुरुवात घरातून करतो. आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, मेहकरकडे. माझ्या काकांना लहानपणी कुत्रं चावलं होतं. आजही गावात कुणाला कुत्रं चावलं की काका पोटावर हात ठेवून सांगतात, "चौदा घेतली बाप्पा, इथं!" ऐकणारं पोरगं घाबरतं आणि चावल्याचं घरी सांगतच नाही. चुन्याचा लेप लावून गप्प बसतं. ही भीती आली कुठून?

त्यासाठी जाऊया 1885 च्या पॅरिसमध्ये. जोसेफ मायस्टर हा नऊ वर्षांचा मुलगा, पिसाळलेल्या कुत्र्याने बऱ्याच ठिकाणी चावलेला. लुई पाश्चर यांनी रेबीज झालेल्या सशांचा मज्जारज्जू वाळवून लस बनवली होती. 6 जुलैला मायस्टरला पहिली टोचणी दिली गेली, तीही पोटाच्या कातडीत. दहा-अकरा दिवसांत तेरा टोचण्या झाल्या आणि मुलगा वाचला.

भारतात 1900 साली हिमालयातल्या कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. आता आपल्या जिल्ह्यातून विचार करा. बैलगाडीने मलकापूर स्टेशन गाठायचं, तिथून भुसावळ, दिल्ली, कालका आणि मग डोंगर चढायचा. हजार किलोमीटरहून जास्त प्रवास, तोही विषाणू शरीरात असताना. किती जणांना जमलं असेल?

कसौलीतच डेव्हिड सेंपल यांनी 1911 च्या सुमारास नवी लस काढली. रेबीज झालेल्या मेंढीचा मेंदू घेऊन, त्यातला विषाणू कार्बोलिक ॲसिडने मारायचा. ही लस स्वस्त होती आणि दूर पाठवता यायची, त्यामुळे टोचून घ्यायला कसौलीपर्यंत जायची गरज संपली. पण डोस मोठा, रोज एक, म्हणून पोटात. आणि त्यात मेंदूचा अंश असल्याने थोड्या लोकांना लकव्यासारखा त्रासही व्हायचा. म्हणजे काकांची भीती खोटी नव्हती. फक्त ती जुन्या लसीची होती.

ती लस भारतात 2004-05 च्या सुमारास बंद झाली. आजची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तयार होते. दंडावर, कातडीत थोडीशी, चार भेटींत: पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. किंवा स्नायूत पाच डोस. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर जखमेभोवती वेगळं सीरमही देतात. पोटात काहीच नाही.

आता प्राण्यांचे डॉक्टर काय बघतात ते ऐका. चावलेलं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं. पिल्लं जवळ असलेली कुत्री, दुखणं असलेलं कुत्रं, जेवताना छेडलेलं, सतत साखळीला बांधलेलं, ही सगळी चावू शकतात. पण कारण नसताना दिसेल त्याला चावणं, आवाज बदलणं, जबडा लोंबणं, लाळ गळणं, गिळता न येणं ही धोक्याची लक्षणं. आणि काही पिसाळलेली कुत्री उलट एकदम शांत, कोपऱ्यात पडलेली असतात.

बैलालाही रेबीज होतो. तो विचित्र हंबरतो, लाळ गाळतो. आपल्याला वाटतं घशात काही अडकलं, आणि आपण तोंडात हात घालतो. तो घालू नका. आधी डॉक्टरांना बोलवा.

गावात चावलेलं कुत्रं लगेच काठ्यांनी मारतात. त्याने नुकसानच होतं. कारण कुत्र्याच्या लाळेत विषाणू लक्षणांच्या थोडे दिवस आधीच येतो. दहा दिवसांनंतरही ते ठणठणीत असेल, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. अंतरावरून लक्ष ठेवा. पण तुमचं इंजेक्शन दहा दिवस थांबवू नका, पहिलं लगेच घ्या.

त्याआधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. मिरची नको, हळद नको, चुना नको. विषाणू नसांमधून मेंदूकडे जायला बहुतेकदा काही आठवडे घेतो, म्हणून चावल्यानंतरही लस काम करते. लक्षणं सुरू झाली की मात्र डॉक्टरांच्या हातात जवळपास काही उरत नाही.

तेव्हा हा एपिसोड घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. मी काकांना आधीच ऐकवलाय. त्यांचं म्हणणं, "पोट्टेहो, तुमचं बरंय!" भेटू पुढच्या भागात.