बंडखोर, राजा, सरखेल

मे १६७४. मुंबईहून निघालेल्या गलबतातून तुम्ही चौलला पोहोचता. रात्र झालीय आणि पोर्तुगीजांनी कोटाचे दरवाजे लावून घेतलेत. सोबत ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन आहे. रात्र बाहेरच्या वस्तीत काढायची, मग खाडीनं अष्टमी गाठायची आणि निजामपूर करत रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडला जायचं.

दहा वर्षांपूर्वी सुरत लुटली गेली तेव्हा कंपनीच्या पत्रांत शिवाजी 'बंडखोर' होता. आता मराठ्यांनी लुटलेल्या राजापूरच्या वखारीची नुकसानभरपाई हवी आहे, मराठी बंदरांत व्यापार हवा आहे. ऑक्झेंडनच्या तोंडी 'राजा' आपसूक आलंय.

६ जूनला तुम्ही रायगडावर, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या दरबारात उभे आहात. सिंहासनाच्या उजव्या हाताला भाल्याच्या टोकावर मोठ्या दातांच्या माशांची दोन सोनेरी तोंडं, डाव्या हाताला घोड्यांच्या शेपट्या आणि सोन्याचा तराजू. दुभाषा नारायण शेणवी नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरतो. बाहेर दोन छोटे हत्ती झुलताहेत. हे एवढ्या चढावरून वर आणले कसे, हे कोडं ऑक्झेंडनला सुटत नाही.

तुम्हाला मात्र दुसराच प्रश्न पडतो. औरंगजेबानं १६६८ मध्येच 'राजा' हा किताब मान्य केला होता, मग एवढा खटाटोप कशाला? उत्तर सरळ आहे. बादशहा देतो ते बादशहा काढूनही घेतो. राज्याभिषेक करणाऱ्या गागाभट्टांच्या मंत्रांनी आलेलं छत्रपतीपण कुणाच्या फर्मानाला टांगलेलं नाही.

तांब्याची शिवराई तळहातावर घेऊन बघा. ठिपक्यांच्या वर्तुळात एका बाजूला 'श्री राजा शिव', उलट्या बाजूला 'छत्रपती'. इंग्रजांच्या मागण्यांत मुंबईचं नाणं मराठी मुलखात चालावं, असंही एक कलम आहे. महाराज त्या नाण्याला बंदी घालत नाहीत, पण ते घ्यायची सक्तीही कुणावर करत नाहीत.

पुढे चला, १६८९. गड मोगलांच्या ताब्यात गेलाय आणि रायगडाचा 'इस्लामगड' झालाय. दप्तरातलं हे नाव पाचाडच्या गुराख्याला कोण सांगणार? गड परत आला तसं ते कागदावरूनही गेलं.

१७२१, कुलाबा. भरती लागली की किल्ल्याभोवती पाणी, ओहोटीला अलिबागहून चालत जाता येतं. आत कान्होजी आंग्रे आहेत. सातारच्या मराठा दरबारात ते 'सरखेल', म्हणजे आरमाराचे प्रमुख; मुंबईच्या इंग्रजांच्या पत्रांत 'चाचे'. त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, असला की मचवा बिनघोर जातो, नसला की पकडला जातो. पोर्तुगीज हेच करतात, त्यांच्या कागदाला 'कार्ताझ' म्हणतात आणि त्यांना कुणी चाचे म्हणत नाही. इंग्रजांनी १७१३ मध्ये याच आंग्र्यांशी तह केला होता. चोराशी कुणी तह करतं? यंदा इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आलेत, आणि हात हलवत परत जाणार आहेत. हरलेल्याला शिवी द्यायला कागद तेवढा उरतो.

शेवटचा मुक्काम १९८१, अलिबाग. मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले याच जिल्ह्याचे. कुलाबा जिल्हा आता 'रायगड' झालाय. कचेरी समुद्राकाठी, गड महाडच्या डोंगरात, तरी नाव लगेच रुळलं, कारण ते लोकांच्या तोंडी आधीच होतं. कुलाबा म्हटलं की मुंबईतलं कुलाबा आठवायचं, तो घोळही मिटला.

आता दक्षिणेला मुरूडकडे बघा. शिवाजी महाराजांनी तिथल्या सिद्दीच्या जंजिरा किल्ल्यासाठी जंग जंग पछाडलं, समोर पद्मदुर्ग उभा केला. संभाजीराजांनीही तोफा डागल्या. सिद्दी हटला नाही. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन झालं आणि मुलूख कुलाबा जिल्ह्यात आला. तेहतीस वर्षांनी पाटी बदलली. मराठ्यांच्या तोफांना जो किल्ला कधीच मिळाला नाही, त्याच्या पत्त्यात आज पोस्टमन मुकाट्यानं वाचतो: तालुका मुरूड, जिल्हा रायगड.