उजनीच्या पाणलोटाकडे : नव्या अभ्यासकांसाठी प्रस्तावना

पुणे-सोलापूर महामार्गावरून जाणाऱ्या प्रत्येकाने टेंभुर्णी पाहिलेली असते. अकलूज, पंढरपूर, कुर्डुवाडी आणि करमाळामार्गे अहिल्यानगर असे चारी दिशांचे रस्ते इथून फुटतात. या गजबजलेल्या नाक्यावरून कंदर, जेऊर, चिखलठाण करत तासाभरात माणूस कुगावला पोचतो आणि तिथे रस्ता संपतो. पुढे उजनीचे पाणी. पलीकडच्या काठावर इंदापूर तालुक्यातले कळाशी दिसते, पण गाडीने तिथे जायचे तर आल्या वाटेने मागे फिरून भीमानगरला धरणाच्या खालून जावे लागते, नाहीतर वर डिकसळच्या पुलाकडून. दोन्हीकडून वळसा मोठाच. लाँचने मात्र माणूस आणि त्याची मोटारसायकल थोड्या वेळात पलीकडे जाते.

करमाळा, इंदापूर, माढा, दौंड, कर्जत या तालुक्यांत अशी कितीतरी गावे पाण्याच्या काठाला, कुठे दोन तर कुठे तीन बाजूंनी वेढलेली आहेत. त्यांचा अभ्यास करू पाहणाऱ्या प्रत्येकाचे इथे मनापासून स्वागत आहे. मात्र सुरुवातीलाच एक सांगायला हवे. या गावांचे दुर्गमपण निसर्गाने दिलेले नाही. त्याला जन्मसाल आहे. माढा तालुक्यात उजनी गावाजवळ 1969 मध्ये धरणाचे काम सुरू झाले आणि 1980 मध्ये ते पुरे झाले. त्याआधी इथे भीमा होती. पावसाळ्यात ती अडवायची, उन्हाळ्यात उताराने पायी ओलांडता यायची. दोन्ही काठांत सोयरिकी होत्या, बाजार होते, देव सामाईक होते. उजनीचा हा जलाशय, यशवंतसागर, भरला आणि नदीपलीकडचे गाव परतालुक्यातले, परजिल्ह्यातले झाले. म्हणून इथल्या एकाकीपणाकडे पाहताना आधीच्या जवळिकीचा हिशोब मांडावा लागतो. तो मांडला नाही, तर अभ्यासक या गावांना कायमचीच आडवळणी समजून बसतो.

दुसरे, इथला नकाशा स्थिर नाही. उजनीचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला जवळजवळ 63 टीएमसी मृतसाठा आणि 53 च्या आसपास उपयुक्त. हा सगळा उपयुक्त साठा 491.03 ते 496.83 मीटर या पातळ्यांमध्ये, म्हणजे जेमतेम सहा मीटरच्या थरात मावतो. भोवतालचा मुलूख सपाट असल्यामुळे पातळी हातभर उतरली तरी काठ दूरवर मागे जातो. ऑगस्टमध्ये पाण्याने वेढलेली जमीन मेमध्ये कोरडे रान असते. म्हणूनच काठावरच्या गावांत पाण्याची टक्केवारी तोंडपाठ असते. पाणी मृतसाठ्यात उतरले की धरण ‘मायनस’मध्ये गेले असे म्हणतात, आणि पावसाळ्यात दौंडहून धरणात येणारा विसर्ग किती हे पोराबाळांनाही ठाऊक असते.

या हलत्या काठाचा अर्थ शेतकऱ्याच्या मोटारीपाशी उभे राहिल्यावर कळतो. उन्हाळ्यात पाणी मागे सरू लागले की तो पाइपचे तुकडे जोडतो, केबल वाढवतो, मोटार पुढे नेतो. आठवड्याभरात पाणी पुन्हा लांब जाते आणि मोटार पुन्हा उचलावी लागते. शेवटी चिखलातून चारी खोदून पाणीच मोटारीपर्यंत आणावे लागते. केळी आणि ऊस उभे असतात, त्यामुळे थांबून चालत नाही. मग पुण्याकडे पाऊस लागतो, वरची धरणे भरून सोडली जातात आणि हेच सगळे साहित्य रातोरात वर ओढावे लागते. कंदरची निर्यातीची केळी आणि या भागातले साखर कारखाने यांच्याबद्दल बरेच लिहिले गेले आहे. पाण्यामागे धावणाऱ्या या खर्चाबद्दल आणि श्रमाबद्दल फारसे नाही. उघड्या पडलेल्या जमिनीवरची गाळपेर, तिच्यावरचा हक्क आणि त्यावरून होणारे तंटे हाही पुष्कळ काम शिल्लक असलेला विषय आहे.

बुडालेल्या गावांचा अभ्यास करताना आधार जवळचाच आहे. कोयनेच्या धरणग्रस्तांवरची इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांची पाहणी 1969 ची, म्हणजे उजनीचे काम सुरू झाले त्याच वर्षाची. महाराष्ट्राचा पहिला पुनर्वसन कायदा 1976 चा, तोवर इथले काम निम्म्याहून पुढे गेले होते. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ ही कादंबरी 1991 ची. हे तिन्ही वाचून मग पाण्याखाली गेलेल्या जुन्या पळसदेवकडे जावे. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की पळसनाथाचे हेमाडपंती मंदिर उघडे पडते, लोक होडीने किंवा चिखल तुडवत दर्शनाला जातात आणि वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. माझा आग्रह असा, की छायाचित्राच्या जोडीला गावाची नोंदही करावी. कोणती आळी कुठे होती, विहीर कोणाची, चावडीपुढचे झाड कोणते, हे सांगणारी माणसे आता सत्तरीपलीकडची आहेत. सासरमाहेर दोन काठांवर असलेल्या बायकांकडे तर ही माहिती विशेष असते आणि त्यांना विचारायला फारसे कोणी जात नाही.

पुरातत्त्वाकडून येणाऱ्यांनी इनामगाव आठवावे. भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठावर डेक्कन कॉलेजने तिथे 1968 ते 1983 उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगीन वस्तीबरोबर पाण्याचा पाट व बांधही सापडला. या खोऱ्यात पाणी वळवून जगण्याची रीत हजारो वर्षांची आहे. पक्षिनिरीक्षणाकडून येणाऱ्यांसाठी भिगवण-कुंभारगावचा परिसर आहे. तिथले रोहित पक्षी उथळ पाण्यावर अवलंबून असतात, तेव्हा त्यांचा अभ्यासही पुन्हा पातळीपाशीच येतो. तिथले मासेमार हंगामात होडीतून पाहुण्यांना पक्षी दाखवतात. चिलापी माशाने इथली मासेमारी कशी बदलली, हेही त्यांनाच विचारावे.

राहिला प्रवासाचा प्रश्न, आणि तो सगळ्यात निकडीचा आहे. 21 मे 2024 रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्या दिवसांत धरण उणे साठ टक्क्यांकडे चालले होते, बातम्यांत ते आटल्याचेच वर्णन होते. तरीही मृतसाठ्याचे पाणी माणसे बुडण्याइतके खोल होते. टक्केवारीच्या भाषेत हे दिसत नाही, आणि म्हणूनच काठावर जाऊन अभ्यास करावा लागतो. माणसे हौसेने बोटीत बसत नव्हती. दवाखाना, बाजार, नातेवाईक समोरच्या काठावर होते.

इंदापूर तालुक्यातल्या शिरसोडीपासून कुगावपर्यंतचा पूल मंजूर झाला आहे. तो वाहता झाला की लाँचचा धंदा आणि त्याभोवतीचे व्यवहार सरतील. तो पूल लवकर व्हावा असेच मला वाटते. त्याआधी कोणीतरी एक पूर्ण वर्ष कुगावच्या धक्क्यावर बसून कोण कशासाठी पलीकडे जाते, काय घेऊन जाते आणि वारा सुटल्यावर लाँच कोणाच्या सांगण्यावरून थांबते, याची नोंदवही ठेवायला हवी. राहण्याची सोय गावात होते.