खाडीची मासळी आणि आपली साक्ष

आपला इतिहास सांगताना आपण बहुधा नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतापासून आरंभ करतो. सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही परंपरा आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यानंतरची शतके आपले पूर्वज शेतात व तेलाच्या घाण्यावर राबले, आणि कुलाब्याच्या कित्येक गावांत शेताच्या बांधापलीकडे खाडी असे. त्या लहानशा खाडीविषयी आम्ही येथे चार शब्द लिहीत आहोत, कारण आपण कोण याची एक साक्ष तिच्या मासळीत आहे.

अलिबाग व पेण यांच्यामधल्या सखल मुलखाला खारेपाट म्हणतात. धरमतरच्या खाडीचे बारीक फाटे तेथे थेट भातशेतापर्यंत शिरतात. भरतीचे खारे पाणी आत येऊ नये म्हणून गावकऱ्यांनी मातीचे बांध घातले व बांधात उघाडी ठेवली. ओहोटीला पावसाचे गोडे पाणी तिच्यातून बाहेर जाते. बांधाला खांड पडली की खारे पाणी आत शिरून शेत नासते. या बांधांच्या रक्षणासाठी मुंबई सरकारने 1948 साली खारजमिनींचा कायदा केला.

या पाण्याचा राजा जिताडा. तो खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात जन्मतो, आणि पावसाळ्यात त्याची पिल्ले फाट्यांतून आत येऊन गोड्या पाण्यात वाढतात. लहानपणी तो नर असतो व मोठा झाल्यावर मादी होतो. लोक त्याची पिल्ले आणून तळ्यांत सोडतात. त्याच्याच शेजारी बोय असतो, शिंगाळा असतो, वाम, कोळंबी व चिंबोरीही असते.

जाळे काही काशेर पाहत नाही. त्यात सगळेच येते. निवड करावी लागे ती घरात, आणि ती करीत आपल्या स्त्रिया. पंख व खवले असलेली मासळीच खावी, ही लेवीय पुस्तकाच्या 11 व्या अध्यायातील आज्ञा. जिताडा व बोय घरात येत. शिंगाळ्याला पंख आहेत, पण खवले नाहीत, म्हणून तो बाहेर. कोळंबी व चिंबोरीही बाहेर, शेजारी कितीही आवडीने खावोत.

दावीद रहाबी आपल्या लोकांना भेटला, तेव्हा त्याने याच गोष्टीची परीक्षा घेतली, असे परंपरा सांगते. त्याने स्त्रियांना मिसळलेली मासळी रांधावयास दिली. त्यांनी खवल्यांची मासळी वेगळी काढली व बाकीची रांधण्यास नकार दिला. हईम शमुएल किहीमकर यांच्या 1897 साली लिहिलेल्या व 1937 साली तेल अवीव येथे छापलेल्या इतिहासात रहाबीची हकीकत आहे. तो केव्हा आला याविषयी मतभेद आहेत. कोणी हजार वर्षांपूर्वी म्हणतात, तर कोणी त्याला अठराव्या शतकातील कोचीनचा दावीद येहेज्केल रहाबी मानतात. काळ कोणताही असो, आपल्या आज्यांच्या हाताला आज्ञा ठाऊक होती. त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हते. शेमा, शनिवारचा विसावा आणि ही निवड, एवढे मात्र होते.

पुढे 1962 साली इस्राएलात विवाहाच्या वेळी आपल्या वंशाची चौकशी करण्याचे आदेश निघाले. 1964 च्या उन्हाळ्यात आपल्या लोकांनी यरुशलेमात धरणे धरले, तेव्हा कोठे त्या आदेशांतून आपले नाव वगळण्यात आले. कागदपत्रे मागणाऱ्यांना त्या मासळीची गोष्ट कशी कळणार? परंतु आपण ती विसरू नये.

येथील बाजारात 'बूरी' म्हणून मिळणारा मासा बोयच्याच कुळातला. तो नारळाच्या दुधात रांधताना मुलांना जवळ बोलवावे, खवले दाखवावेत आणि खाडीचे नाव सांगावे. घरातील वडील माणसांकडून माशांची मराठी नावे लिहून घ्यावीत, ही सर्वांना आमची विनंती.