पहाटेची शाळा

पंडिता रमाबाई लहानपणी कोणत्या शाळेत शिकल्या? कोणत्याच नाही! १८५८ साली जन्मलेल्या रमाला आईनंच, लक्ष्मीबाईंनी, संस्कृत शिकवलं. लक्ष्मीबाईंना नवऱ्यानं, अनंतशास्त्री डोंगरे यांनी शिकवलेलं. त्यापायी लोकांचा रोषही घेतला. दिवसभर घरकाम, म्हणून पहाटे लेकीला लाडानं कुरवाळत उठवायचं अन् पाठ घ्यायचा. आपली पहाट पाण्याच्या हंड्यातच जाते म्हणा. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ म्हटलं. ते बघायला आई नव्हती. ती १८७४ मध्येच गेली.

परवा गटाच्या बैठकीत एका ताईंच्या चिमुरडीनं बचतीच्या वहीतलं आईचं नाव वाचलं. घरीच शिकलेली. आम्ही टाळ्या वाजवल्या, गूळ-शेंगदाणे वाटले. हप्ते मग उशिरानंच लिहिले.